आईच्या दुधात अँटिबॉडी असतात, मग बाळाला लस कशाला?

पेशीपाल

शीर्षकातला प्रश्न नव्या आयांच्या एका व्हॉट्सॲप गटात आला आणि खाली धडाधड उत्तरं पडली. 'अंगावर पिणारी बाळं आजारी पडतच नाहीत', 'सहा महिने थांबलं तरी चालतं'. हे दुसरं वाचून मात्र गप्प बसवेना. मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवते आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळाला आईकडून अँटिबॉडी दोन वाटांनी मिळतात. त्या दोन्ही एकच समजल्या की सगळा घोळ होतो.

पहिली वाट वारेची, म्हणजे प्लॅसेंटाची. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईच्या रक्तातल्या आयजीजी जातीच्या अँटिबॉडी वारेतून बाळाच्या रक्तात जातात. वार त्यांना नुसतं झिरपू देत नाही, पकडून पलीकडे पोचवते. त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात जन्मावेळी आयजीजी आईइतकी, बऱ्याचदा आईपेक्षा थोडी जास्तच असते. पण या साठ्यात पुढे भर पडत नाही. दर तीन-चार आठवड्यांनी तो निम्मा होत जातो. बाळाचं स्वतःचं उत्पादन सावकाश सुरू होतं, म्हणून साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात रक्तातली पातळी सगळ्यात खाली गेलेली असते. जन्मावेळच्या काही लसी सोडल्या तर बाकीच्या दीड-दोन महिन्यांपासून सुरू करतात त्या याचसाठी. सहा महिने थांबायचं म्हणजे नेमका सगळ्यात नाजूक काळ उघडा ठेवायचा.

दुसरी वाट दुधाची. दुधातल्या बहुतेक अँटिबॉडी आयजीए जातीच्या असतात, त्यातही 'स्रावी' आयजीए. दोन अँटिबॉडी एकमेकींना जोडलेल्या आणि त्यांच्याभोवती एका प्रथिनाचं वेटोळं, अशी तिची रचना. त्या वेटोळ्यामुळे पाचकरस तिला सहज तोडू शकत नाहीत आणि बरीचशी आयजीए आतड्यापर्यंत शाबूत पोचते. तिथे ती जंतूला चिकटते आणि त्याला आतड्याच्या अस्तराला धरू देत नाही. जंतू शीवाटे निघून जातो. या सगळ्यात दाह होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. रक्तातल्या काही अँटिबॉडी जंतूला चिकटल्या की पुढे सूज, ताप अशी साखळी सुरू होऊ शकते. नवजात बाळाच्या कोवळ्या आतड्याला ते परवडणारं नाही.

आता मुख्य मुद्दा. ही आयजीए माणसाच्या बाळाच्या आतड्यातून रक्तात जवळजवळ जातच नाही. वासराचं उलट असतं. गाईच्या वारेतून अँटिबॉडी जात नाहीत, म्हणून वासराला जन्मल्यावर काही तासांत चीक मिळावा लागतो. त्याचं आतडं पहिल्या दिवसभरात अँटिबॉडी अख्ख्या शोषून घेतं, नंतर ती क्षमता संपते. आपल्या बाळांत रक्ताचं काम वारेने आधीच उरकलेलं असतं. दुधाकडे काम राहतं ते तोंड, घसा आणि आतड्याच्या अस्तराचं. धनुर्वाताचं विष जखमेतून शिरतं आणि मज्जातंतूंपर्यंत जातं. आतड्यात बसलेली आयजीए त्याला गाठणार कुठे? तिथे रक्तातली अँटिबॉडीच लागते, आणि ती साठा ओसरल्यावर लसीतूनच तयार होते.

दुधातून प्रतिकारशक्ती मिळते हे पॉल एर्लिख यांनी १८९२ मध्ये उंदरांवर दाखवलं. त्यांनी मुद्दाम प्रतिकारशक्ती आणवलेल्या माद्यांची आणि साध्या माद्यांची पिल्लं अदलाबदल करून पाजायला दिली. साध्या मादीच्या पिल्लांनाही दूध पाजणाऱ्या मादीकडून संरक्षण मिळालं. प्रयोग सुरेखच होता. मात्र उंदराच्या पिल्लांचं आतडं सुरुवातीला अँटिबॉडी शोषतं, माणसाचं तसं नाही, म्हणून तो जसाच्या तसा आपल्याला लावता येत नाही.

---

सायंतारा

पेशीपालताई, किती छान उलगडून सांगितलंत. एक शंका. आईच्या शरीराला कसं कळतं की दुधात कोणत्या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी सोडायच्या?

---

पेशीपाल

@सायंतारा, आई जे खाते-पिते, श्वासातून घेते, त्यातले जंतू तिच्या आतड्यात आणि श्वासमार्गात पोचतात. लहान आतड्याच्या भिंतीत पेशींचे पुंजके असतात, त्यांना पेयर्स पॅचेस म्हणतात. तिथे बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, या जंतूंना ओळखायला शिकतात आणि रक्तातून प्रवासाला निघतात. गरोदरपणाच्या शेवटी आणि बाळंतपणानंतर स्तनातली ग्रंथी एक रासायनिक संदेश सोडते. तो ओळखणारा रेणू या पेशींवर असतोच, त्यामुळे त्या स्तनात येऊन स्थिरावतात आणि तिथे आयजीए बनवू लागतात.

म्हणजे आईच्या आतड्याला ज्या जंतूंची ओळख आहे, त्यांच्याविरुद्धची अँटिबॉडी दुधात. आई आणि बाळ एकाच घरात, एकाच हवेत राहतात, म्हणून बाळाला भेटणारे जंतूही बहुतेक तेच. कोणत्याही कारखान्यात बनलेल्या दुधाला हे साधणार नाही, कारण त्या घरातले जंतू कारखान्याला ठाऊक नसतात.

---

ओवी_आई

माझं बाळ दहा दिवसांचं आहे. पहिले दोन दिवस जेमतेम थेंबभर पिवळं चिकट दूध यायचं. सगळे म्हणत होते, यात काय पोट भरणार! तो चीक खरंच पुरतो का?

---

परिचारिका_मनू

ओवी, तुझं बाळ दहा दिवसांचं झालं, व्यवस्थित शू-शी करत असेल आणि वजन धरायला लागलं असेल तर ते पुरलंच ना गं. बरीच वर्षं नवजात अतिदक्षता विभागात काम करतेय, म्हणून सांगते. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर चीक येणंही साधारण आहे, बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं. पण त्या चमच्यात काय असतं ते बघ. पहिल्या दिवशीच्या चिकात लिटरमागे १० ग्रॅमहून जास्त आयजीए असू शकते. पुढे दूध भरपूर यायला लागलं की हे प्रमाण लिटरमागे १ ग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली येतं. लॅक्टोफेरिनचंही तसंच. ते प्रथिन लोह धरून ठेवतं आणि लोहावाचून बऱ्याच जंतूंची वाढ खुंटते.

चिकात जिवंत पांढऱ्या पेशीही भरपूर असतात. काचपट्टीवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर चरबीच्या गोल थेंबांमध्ये त्या ठिपक्याठिपक्यांनी दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ डोळा काढवला नाही.

बाळ सुस्त असेल, शू कमी करत असेल, कावीळ वाढत असेल तर मात्र 'चीक पुरतो' म्हणून घरी बसू नये, दाखवायला न्यावं.

---

सूक्ष्मजीवी

अँटिबॉडींबद्दल सगळेच बोलतात, दुधातल्या साखरांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मध्ये पडतो. मी सूक्ष्मजीवशास्त्रातला माणूस, पक्षपाती समजा.

आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबी यांच्यानंतर सगळ्यात जास्त घन पदार्थ कोणता असेल, तर एका विशिष्ट गटातल्या शर्करा, ऑलिगोसॅकराइड. साधारण २०० वेगवेगळ्या रचना आजवर ओळखल्या गेल्या आहेत. चिकानंतरच्या नेहमीच्या दुधात लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, चिकात त्याहून जास्त. आणि बाळाला त्या पचवताच येत नाहीत! आईचं शरीर एवढी शक्ती खर्चून जे बनवतं त्यातून बाळाला थेट उष्मांक जवळजवळ मिळत नाहीत. मग कोणासाठी बनवते? आतड्यातल्या बायफिडोबॅक्टेरिया या उपकारक जंतूंसाठी. त्यातल्या इन्फँटिस या उपजातीकडे या शर्करा आत ओढून फोडायची सगळी हत्यारं आहेत.

हे जंतू त्या शर्करा खाऊन ॲसिटेट आणि लॅक्टेट सोडतात, त्यामुळे आतड्यातली आम्लता वाढते आणि बऱ्याच त्रासदायक जंतूंना तिथे राहणं अवघड होतं. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळ, किंचित आंबूस वासाची असते, ती याचीच खूण. लंगोट बदलताना घाबरून जुलाब समजू नका. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी स्तनपान करणाऱ्या बाळांच्या शीतूनच हे जंतू वेगळे केले.

शर्करांचं दुसरं काम. बरेच जंतू आतड्याच्या पेशींवरच्या शर्करांना धरून आत शिरतात. दुधातल्या शर्करा त्यांच्यासारख्याच दिसतात. जंतू त्यांना धरून बसतो आणि तसाच पुढे वाहून जातो.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिकवण. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत बाळाच्या रोगप्रतिकारक पेशी कोणाशी लढायचं आणि कोणाला सोडून द्यायचं हे ठरवायला शिकत असतात. आतड्यात कोण राहतं यावर ते बरंच अवलंबून असतं. बायफिडोबॅक्टेरिया जी रसायनं बनवतात त्यातली काही दाह आवरणाऱ्या पेशींना बळ देतात. दुधातही टीजीएफ-बीटासारखे संदेशवाहक रेणू असतात, तेही याच बाजूने काम करतात. म्हणजे दुधाची कामगिरी जंतू मारण्यापुरती नाही, उगाच न भडकणं शिकवण्याचीही आहे.

---

तर्कशुद्ध

माहिती उत्तम. पण एक खटकतं. स्तनपान करणाऱ्या आया बऱ्याच अभ्यासांत जास्त शिकलेल्या, धूम्रपान न करणाऱ्या, बऱ्या परिस्थितीतल्या असतात. मग बाळं कमी आजारी पडली याचं श्रेय दुधाला की घराला? यंत्रणा कागदावर कितीही सुंदर असली तरी प्रत्यक्षात किती फरक पडतो हे कळायला हवं.

---

पेशीपाल

@तर्कशुद्ध, प्रश्न अगदी रास्त. म्हणूनच बेलारूसमधला 'प्रोबिट' हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. बाळांना चिठ्ठ्या टाकून 'तू अंगावर, तू बाटलीवर' असं वाटणं अनैतिक ठरलं असतं. त्यांनी रुग्णालयंच वाटली. ३१ प्रसूती रुग्णालयं आणि त्यांना जोडलेले दवाखाने, १७,०४६ आई-बाळाच्या जोड्या. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना स्तनपानाला मदत करण्याचं प्रशिक्षण, बाकी ठिकाणी नेहमीची पद्धत. निकाल २००१ मध्ये छापून आले.

प्रशिक्षण मिळालेल्या गटात तीन महिन्यांना निव्वळ स्तनपान ४३.३ टक्के, दुसऱ्या गटात ६.४ टक्के. पहिल्या वर्षात जुलाब-उलट्यांचा संसर्ग झालेली बाळं ९.१ टक्के विरुद्ध १३.२ टक्के. त्वचेचा ॲलर्जिक इसब ३.३ विरुद्ध ६.३. श्वसनमार्गाच्या संसर्गात मात्र ठळक फरक दिसला नाही. आणि हीच मुलं साडेसहा वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा दमा आणि ॲलर्जीपासून संरक्षण आढळलं नाही.

एक लक्षात घ्या, दोन्ही गटांत स्तनपान सुरू केलेल्याच आया होत्या. तुलना मदत मिळण्या-न मिळण्याची आहे, म्हणून दुधाचा खरा परिणाम याहून मोठा असणार. आतड्याच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे, आणि यंत्रणा बघितली तर तो तिथेच सगळ्यात भक्कम असायला हवा होता. 'अंगावर पाजलंत तर दमा होणार नाही' असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर मी त्याला साथ देणार नाही.

जगभराचा हिशेब हवा असेल तर 'लॅन्सेट'च्या २०१६ च्या लेखमालेत अंदाज दिला आहे: स्तनपान जवळजवळ सगळीकडे पोचलं तर पाच वर्षांखालच्या ८,२३,००० मुलांचे मृत्यू दर वर्षी टळतील.

---

ओली_पानं

वाचतेय आणि घशात आवंढा येतोय. माझं दूध पुरत नाही. पंप, औषधं, सल्लागार, सगळं करून झालं. निम्मं अंगावर, निम्मं पावडरचं. मग माझ्या बाळाची प्रतिकारशक्ती निम्मी का?

---

परिचारिका_मनू

अगं नाही. हे काही सगळं किंवा काहीच नाही असं नसतं. जेवढं दूध जातं तेवढी आयजीए जाते, तेवढ्या शर्करा जातात. निव्वळ अंगावरच्या बाळाला आतड्याच्या संसर्गापासून जास्त संरक्षण मिळतं हे खरं, पण थोडं पिणारं बाळ काहीच न पिणाऱ्यापेक्षा पुढेच असतं. वारेतून मिळालेल्या अँटिबॉडी तर तू पावडर दिलीस म्हणून कुठे जात नाहीत. लसी वेळेवर, बाटली आणि पाणी उकळलेलं, पावडर सांगितलेल्या मापाने, हात धुतलेले. एवढं सांभाळलंस की बाळाच्या आतड्यावरचा बराच भार तूच उतरवतेस. काही कंपन्या आता पावडरमध्ये दुधातल्या शर्करांपैकी एक-दोन घालतात. अँटिबॉडी आणि जिवंत पेशी त्यात येत नाहीत, पण बाळ त्यावर नीट वाढतं.

आणि ज्या कोणी तुला 'प्रयत्न कमी पडला' म्हणालं असेल, त्यांना हा धागा पाठव.

---

माईआजी

माझ्या सुनेला सर्दी-ताप आहे. नातीला लागण होईल म्हणून दोन दिवस पाजणं बंद ठेवलंय. योग्य केलं ना?

---

परिचारिका_मनू

माईआजी, काळजीपोटी केलंत, पण आजच परत सुरू करायला सांगा. तापाची जाणीव व्हायच्या आधीच ते जंतू घरात फिरलेले असतात, नातीपर्यंत पोचलेलेही असतील. आता सूनबाईच्या शरीरात त्याच जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनताहेत आणि त्या दुधात उतरणार. नेमक्या त्याच वेळी दूध तोडलं तर बाळाला जंतू मिळाला आणि उतारा मिळाला नाही, असं होतं. शिवाय दूध तुंबून स्तन ठणकायला लागतात ते वेगळंच. मुखपट्टी बांधायची, हात धुवायचे, पाजायचं. स्तनाला सूज येऊन ताप आला असेल तरी पाजणं चालू ठेवायचं असतं.

थांबावं लागतं अशी कारणं मोजकी आहेत. बाळाला गॅलॅक्टोसेमिया (दुधातल्या साखरेचा एक घटक शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असेल, आईला कर्करोगाची काही औषधं चालू असतील, स्तनावर नागिणीसारखे हर्पिसचे फोड असतील तर त्या बाजूने. उपचार सुरू न झालेला फुप्फुसांचा क्षयरोग असेल तर आई-बाळ काही काळ वेगळे ठेवतात, पण काढलेलं दूध देता येतं. एचआयव्ही असेल तर आईचे उपचार आणि तिथल्या सोयी बघून डॉक्टरच ठरवतात. साध्या सर्दी-तापाचा यात कुठेही नंबर नाही. ताप उतरायला कोणती गोळी घ्यायची तेवढं मात्र डॉक्टरांना विचारून.

---

निरंजन_बाबा

समाजमाध्यमांवर एक चित्रफीत फिरतेय. बाळाची लाळ आईच्या स्तनात शिरते, स्तन ती 'वाचतो' आणि तासाभरात त्या आजाराचं औषध दुधात येतं म्हणे. हे खरं आहे का?

---

सूक्ष्मजीवी

निरंजनदादा, अर्धं. पाजताना स्तनातल्या नलिकांत दूध थोडं मागे सरकतं, हे सोनोग्राफीत दिसलं आहे. आई किंवा बाळ आजारी असताना दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढतात, हेही मोजलं गेलं आहे. पण या दोन गोष्टी जोडून 'लाळ वाचली आणि तासाभरात औषध तयार' हे सिद्ध झालेलं नाही. नव्या जंतूला ओळखून बी-पेशी तयार व्हायला दिवस लागतात, तास नाही. पेशीपालताईंनी वर सांगितलेला आतड्यापासून स्तनापर्यंतचा मार्ग पुरेसा थक्क करणारा आहे, त्यावर अशी फोडणी कशाला?

---

सायंतारा

मनूताई, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांचं काय? माझा भाचा गरोदरपणाच्या ३० आठवड्यांनाच जन्मला, अजून रुग्णालयातच आहे.

---

परिचारिका_मनू

सायंतारा, अशा बाळांना आईच्या दुधाची गरज सगळ्यात जास्त, आणि नेमकं त्यांनाच ओढून प्यायची ताकद नसते. वारेतून आयजीजी जायचा मुख्य काळ शेवटच्या आठवड्यांचा, तो त्यांचा हुकलेला असतो. आतड्याचं अस्तर कच्चं असतं. आतड्याचा भाग सुजून सडत जाण्याचा एक भयंकर आजार, नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस, मुख्यतः याच बाळांना गाठतो. आईच्या दुधाने त्याचा धोका कमी होतो. आईचं दूध नसेल तर दूधपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं दूध पावडरपेक्षा सुरक्षित ठरतं. ते ६२.५ अंश सेल्सियसवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. त्यात जिवंत पेशी मरतात, लॅक्टोफेरिन बरंच कमी होतं, पण आयजीएचा मोठा भाग टिकतो आणि शर्करा जवळजवळ तशाच राहतात.

आमच्याकडे नळीने दूध घेणाऱ्या बाळांच्या गालांच्या आतल्या बाजूला कापसाच्या बोळ्याने आईचा चीक लावतात. दोन-चार थेंब. बोळा गालाला लागला की एवढंसं बाळ जीभ हलवून चघळायला बघतं. वहिनींना सांग, दूध काढणं पहिल्या काही तासांतच सुरू करायचं आणि रात्रीचंही चुकवायचं नाही. आला तो थेंब रुग्णालयात पोचवायचा, कमी म्हणून फेकायचा नाही.

---

ओवी_आई

शेवटचे दोन प्रश्न. वर्षानंतर दुधात काही राहत नाही, नुसतं पाणी असतं, असं ऐकलंय. आणि मी कामावर परत गेल्यावर काढून ठेवलेल्या दुधातल्या अँटिबॉडी टिकतात का?

---

पेशीपाल

नुसतं पाणी? अजिबात नाही. दुसऱ्या वर्षातल्या दुधातही आयजीए, लॅक्टोफेरिन आणि लायसोझाइम असतात. लायसोझाइम जीवाणूंची भिंत फोडतं आणि त्याचं प्रमाण तर दिवस जातील तसं वाढतं. मूल रांगायला, दिसेल ते तोंडात घालायला लागतं त्या काळात हे वाढणं किती सोयीचं! सहा महिन्यांनंतर लोह आणि उष्मांकांसाठी वरचं अन्न लागतंच, पण जागतिक आरोग्य संघटना त्यासोबत दोन वर्षं किंवा पुढेही पाजायला सांगते ते उगाच नाही.

साठवणीबद्दल मनूताई जास्त नीट सांगतील.

---

परिचारिका_मनू

ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ४ दिवस. फ्रिजच्या दारात ठेवू नकोस, तिथलं तापमान सारखं बदलतं. गोठवलेलं ६ महिन्यांच्या आत वापरलेलं चांगलं. गोठवल्यावर जिवंत पेशी मरतात, आयजीए बऱ्यापैकी टिकते. म्हणून ताजं असेल तर आधी ताजं, मग फ्रिजमधलं, मग गोठवलेलं. कोमट करायला बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेव. मायक्रोवेव्हमध्ये नको, मध्येच एखादा भाग कढत होऊन बाळाचं तोंड भाजतं आणि प्रथिनंही बिघडतात. बाळाने तोंड लावलेली बाटली दोन तासांत संपवायची, उरलेलं टाकून द्यायचं. प्रत्येक बाटलीवर काढल्याची तारीख आणि वेळ लिहून ठेव.